रुजवण पिवळे असले तरी त्याला प्रकाश कळतो

भाताच्या पेरणीच्या तोंडावर कोकणातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश हमखास फिरतो: अंधारात उगवलेल्या रोपात प्रकाश ओळखणारी प्रथिने नसतात, ती उन्हाने तयार होतात आणि ऊन जितके जास्त तितकी वाढतात, म्हणून तरव्यावर, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेवर, रात्रीही दिवा लावावा. या संदेशातले एकेक विधान तपासून पाहू.

अंधारातल्या कोंबात ही प्रथिने नसतात, हे म्हणणे मुळातच चुकीचे आहे. 1959 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांना फायटोक्रोम हे प्रकाशग्राही प्रथिन प्रथम यंत्रावर दिसले, ते अंधारात वाढवलेल्या मक्याच्या कोंबांत. अशा कोंबांत ते भरपूर असते आणि मोजमापाच्या आड येणारे हरितद्रव्यही नसते.

गोंधळ बहुधा रंगामुळे होतो. दसऱ्याला घट हलवल्यावर आपण रुजवण कानावर खोचतो आणि उरलेले पडवीत ठेवतो. देवघरातल्या अंधारात वाढलेले ते लांबट, पिवळे पाते सकाळी उजेडात आले, की संध्याकाळपर्यंत त्यावर हिरवी झाक येते. ही झाक हरितद्रव्याची असते. प्रकाशग्राही प्रथिनांचे प्रमाण त्यावरून कळत नाही.

उलट, अंधारात सर्वाधिक साठणारे फायटोक्रोम ए त्याच दिवसात झपाट्याने घटत असते. लाल प्रकाश शोषला, की त्याचे रूप बदलते, पेशी त्याला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते आणि प्रोटिअझोम हे पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र त्याचे तुकडे करते. ओटच्या कोंबांत अंधारात दिवसेंदिवस टिकणारे हे प्रथिन प्रकाशात एक-दोन तासांत निम्मे होते. शिवाय ते बनवणारे जनुकही उजेडात मंदावते. मातीखालच्या कोंबाला फटीतून येणारा अगदी क्षीण प्रकाशही टिपावा लागतो, म्हणून तेथे हा साठा मोठा असतो. उघड्या उन्हात त्याची तेवढी गरज उरत नाही. ही योजना मला विलक्षण सुंदर वाटते, आणि नेमकी तीच या संदेशात उलटी सांगितली जाते, याचे मनापासून वाईट वाटते.

सगळी प्रकाशग्राही प्रथिने अशी घटत नाहीत. फायटोक्रोम बी प्रकाशात बरेच टिकून राहते आणि उन्हातल्या रोपात मुख्य काम तेच करते. निळा प्रकाश टिपणाऱ्यांपैकी क्रिप्टोक्रोम 2 निळ्या उजेडात घटते, तर क्रिप्टोक्रोम 1 टिकते. त्यामुळे ‘जास्त ऊन, जास्त प्रथिने’ हा सरसकट नियम येथे लागू पडत नाही.

राहिला दिव्याचा सल्ला. त्यामागचे कारणच खोटे ठरल्यावर तरव्यावर रात्री वीज जाळण्यात अर्थ नाही. भात हे लहान दिवसाचे पीक आहे. रात्र मोठी झाल्याचे ओळखून ते फुलोऱ्याकडे वळते, आणि मध्येच पडलेला उजेड फायटोक्रोम बीमार्फत हा हिशेब बिघडवतो. तोच दिवा लावणीनंतरही बांधावर जळत राहिला, तर दिवसमानाला संवेदनशील असलेल्या जुन्या गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) जाती त्याच्या उजेडाच्या टप्प्यात उशिरा निसवतील.