पाच वाडगे आणि एक खास नायिका

भाचीच्या आग्रहावरून 'डायव्हर्जंट' वाचली. कल्पना एक नंबर, कादंबरी सुमार. भाची रुसेल, रुसू दे.

वेरोनिका रॉथची ही कादंबरी २०११ची. मोडकळीला आलेलं शिकागो, स्वभावानुसार माणसांचे पाच गट: निःस्वार्थी, निर्भय, ज्ञानी, खरं बोलणारे, शांतताप्रिय. सोळाव्या वर्षी हातावर सुरी फिरवायची आणि निखारे, काचा, पाणी, माती, दगड अशा पाचांपैकी एका वाडग्यात रक्त ठिबकवायचं. तो गट मग जन्माचा. अकरावीत 'मॅथ्स की बायो'वरून घरोघरी होणारं महाभारत पाहिलेल्या इंदूरकराला हे चटकन पटतं.

जे कुठल्याच गटात टिकत नाहीत, ते गटहीन. कचरा उचला, झाडलोट करा, बस चालवा, बदल्यात अन्न-कपडे घ्या. सुरुवातीलाच फाटक्या तपकिरी कपड्यांतला असा एकजण नायिकेकडे खायला मागतो. ती सफरचंदाच्या फोडींची पिशवी पुढे करते. तो तिचं मनगटच धरतो, वय विचारतो आणि जपून निवड म्हणतो. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात खरं पान! पण हा कुठल्या गटातून गळाला, राहतो कुठे? रॉथबाईंना घाई असते ती चालत्या गाडीतून उड्या, मारामाऱ्या आणि देखण्या प्रशिक्षकाची. पुढच्या भागात गटहीन येतात, पण फौज म्हणून. (२०१७पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या गावात राहते मी. सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार उठल्यावर रस्ता कोण झाडतं, हे मला सुचणारच.)

खरी गोची पुढे आहे. नायिका एकाहून जास्त गटांत बसते, म्हणून ती खास आणि धोकादायक. अहो, एकाच गुणात मावणारा माणूस दाखवा तरी! इथून तासाभरावरच्या महूत जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये प्लेटोच्या वर्गवारीवर हेच बोट ठेवलं होतं: माणसांना मोजक्या वर्गांत कोंबणं म्हणजे माणूस वरवर पाहणं. जे त्यांच्या लेखी प्रत्येकाबद्दल खरं, ते इथे मोजक्यांचं गुपित. म्हणजे उरलेलं शहर खरंच साच्यातलं?

किशोरांसाठीचं पुस्तक, एवढं काय मनावर घ्यायचं, असं म्हणू नका. सोळाव्या वर्षी हे सगळं कळतं.

तिसऱ्या भागात तर सारं जनुकांवर ढकललंय, काहींची शुद्ध, बाकीच्यांची बिघडलेली. पुस्तक त्या भेदाविरुद्ध बोलतं, मान्य. पण तोवर माणसं मागे पडतात आणि प्रयोगशाळा पुढे येते. सिनेमावाल्यांनी या भागाचे दोन तुकडे करायचं ठरवलं, पहिला २०१६ला आला, दुसरा निघालाच नाही. मला काही चुटपुट लागली नाही.