दहात सात पेशंटला एच पायलोरी, म्हणून अपचनाचं कारण तोच?

नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिलाय. अपचनाच्या दहापैकी सात पेशंटच्या पोटात एच पायलोरी जंतू सापडतो, म्हणजे ॲसिडिटी-गॅसचं खरं कारण तोच, सावजी (आपलं झणझणीत तिखट जेवण) खाऊन तो होतो, लॅबमध्ये रक्त तपासा, पॉझिटिव्ह आलं की सात दिवसांची गोळ्यांची किट घ्या, विषय संपला. यात थोडं खरं मिसळलंय म्हणून लोकं विश्वास ठेवतात अन् त्याचीच काळजी वाटते.

दहात सात हा आकडा मी खोटा म्हणत नाही. पण बर्डीच्या बाजारातून ज्यांचं पोट अजिबात दुखत नाही अशी दहा माणसं आणून तपासली तर त्यांच्यातही सहा-सात जणांकडे हा जंतू निघू शकतो, कारण भारतात एकूणच ६० टक्क्यांच्या आसपास लोकांना तो असतो, बहुतेकांना लहानपणीच घरातून नाहीतर खराब पाण्यातून लागलेला. मग नुसते पेशंट मोजून कारण कसं ठरवायचं? धडधाकट लोकांशी तुलना पाहिजे ना! लागण झालेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांना कधीतरी अल्सर, म्हणजे पोटात जखम, होतो, बहुतेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही.

अपचनासाठी एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट बघणं) केलेल्या बहुतेक लोकांना अल्सर निघतच नाही. अशांच्या पोटात जंतू सापडला अन् तो मारला तर साधारण चौदातल्या एकालाच त्यामुळे जास्तीचा आराम पडतो. फायदा आहे, म्हणूनच डॉक्टर औषध देतात, पण बाकीच्यांचा त्रास तसाच राहू शकतो हे त्यांना आधी कोणीतरी सांगायला पाहिजे.

म्हणून जंतू साधा आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला अन् थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली, पुढे २००५ मध्ये त्यांना अन् रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या, गटात त्याचं नाव आहे. अल्सर आहे अन् जंतू निघाला, तर तो मारायलाच पाहिजे.

सावजीला मात्र उगाच बदनाम केलंय. तिखटाने जळजळ वाढेल, जंतू येणार नाही. गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या पेनकिलरने अल्सर होतो, ते मेसेजमध्ये नाहीच!

आता रक्ताची टेस्ट. जंतू मेल्यावरही अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेले पदार्थ) बरेच दिवस रक्तात राहतात, त्यामुळे आत्ता लागण आहे की जुनी, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी शौचाची अँटिजेन टेस्ट (जंतूचेच अंश शोधणारी), श्वासाची टेस्ट, नाहीतर एंडोस्कोपीत घेतलेला जठराचा बारीक तुकडा. अन् त्याआधी ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी दोन आठवडे अन् अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवी (डॉक्टरला विचारूनच बंद करा), नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतं.

सात दिवसांच्या किटवर तर माझा सगळ्यात जास्त राग आहे. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल अन् क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकना हा जंतू बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही, म्हणून आता साधारण १४ दिवसांचा कोर्स देतात अन् संपल्यावर निदान चार आठवड्यांनी परत टेस्ट करून तो मेला की नाही ते बघतात. मेसेज वाचून अर्धवट गोळ्या घेतल्या तर उरलेला जंतू आणखी चिवट होतो.

अन् काळी शी, रक्ताची उलटी, आपोआप वजन उतरणं, घास अडकणं, यातलं काहीही असेल तर किट-बिट सोडा अन् मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, नाहीतर जिथे जमेल तिथे डॉक्टरला लगेच दाखवा.