‘एसटीएल सगळीकडे चालतं’ हा मेसेज पुढे पाठवू नका

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. काल तो भाचीकडूनही आला, नेमका तिच्या प्रोजेक्टचं सिम्युलेशन (संगणकावर भार देऊन चाचणी) सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. मेसेजचं म्हणणं असं: स्टेप, आयजेस, पॅरासॉलिड या थ्रीडी मॉडेलच्या फाइल प्रकारांच्या भानगडीत पडू नका, मॉडेल एसटीएल या दुसऱ्या प्रकारात एक्स्पोर्ट करा, सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. युनिट सॉफ्टवेअर आपोआप ओळखतं. एरर आली तर टॉलरन्स (किती अंतरापर्यंतची फट जोडायची ती मर्यादा) वाढवून रिपेअरचं बटण दाबा. आणि मॉडेलमधलं काहीही काढू नका, जितके बारकावे जास्त तितकं उत्तर अचूक. यातल्या पहिल्या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून आधी तेच घेऊ.

एसटीएलमध्ये त्रिकोणांशिवाय काहीही नसतं. बायनरी फाइलची रचनाच बघा: सुरुवातीला 80 बाइटचा हेडर, मग त्रिकोणांची संख्या, मग दर त्रिकोणाला 50 बाइट. संपलं. त्यात वर्तुळ नाही, सिलिंडर नाही. 20 मिमी व्यासाचं भोक 30 अंशांच्या सेटिंगने एक्स्पोर्ट केलं की ते 12 बाजूंचं होतं आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर कड 0.34 मिमी आत येते. त्याच भोकाला ड्रॉइंगवर एच7 ही मापातली सूट ठरवणारी खूण लिहिली असेल तर सूट मिळते 0.021 मिमीची.

यावर ‘एवढ्याशा फरकाने काय होतंय’ असं उत्तर ठरलेलं आहे. खरी गडबड त्या 0.34 मिमीमुळे होत नाही, ती नव्याने तयार झालेल्या 12 कोपऱ्यांमुळे होते. हे स्वतः करून बघता येतं. 200 मिमी रुंदीची लांब प्लेट घ्या, मधोमध 20 मिमीचं भोक, दोन्ही टोकांना 100 एमपीएची (मेगापास्कल, स्ट्रेस म्हणजे ताणाचं एकक) ओढ. जर्मन इंजिनियर गुस्टाव किर्श यांनी 1898 मध्येच याचं गणित सोडवून ठेवलंय: प्लेट अमर्याद रुंद असेल तर भोकाच्या कडेला स्ट्रेस बरोबर तिप्पट होतो. आपल्या प्लेटची रुंदी मर्यादित आहे, म्हणून उत्तर 303 एमपीएच्या आसपास यायला हवं. स्टेप फाइल घेऊन मेश (गणितासाठी मॉडेलचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, यांची जाळी) बारीक करत जा, आकडा तिथे येऊन स्थिरावतो.

12 बाजूंच्या भोकात तो स्थिरावतच नाही. भोकाच्या प्रत्येक कोपऱ्यापाशी मटेरियलचा कोन 210 अंशांचा होतो. कोन 180 अंशांच्या वर गेला की इलॅस्टिक गणितात त्या टोकावर स्ट्रेस अनंत असतो, हे संशोधक विल्यम्स यांनी 1952 मध्ये दाखवलं. त्यांच्या समीकरणात 210 अंश घातले तर कोपऱ्याजवळचा एलिमेंट निम्मा केल्यावर स्ट्रेस दर वेळी साधारण 19 टक्क्यांनी वाढतो. मेश आणखी बारीक करा, आणखी वाढेल. मग पोरं घाबरून प्लेटची जाडी वाढवतात, किंवा ज्या मेशला आकडा सोयीचा वाटला तिथे थांबून तोच रिपोर्टमध्ये टाकतात. दोन्ही वेळा उत्तर मेशने ठरवलेलं असतं, प्लेटने नाही.

10 अंशांवर एक्स्पोर्ट केलं तर 36 बाजू होतात. तरी कोन 190 अंशांचा, म्हणजे दोष सौम्य झाला, गेला नाही. शिवाय सेकंड ऑर्डर एलिमेंटचे (ज्यांच्या बाजूंच्या मध्यावरही बिंदू असतात) मधले नोड खऱ्या वक्र पृष्ठभागावर बसावे लागतात, आणि इथे तो पृष्ठभागच फाइलमध्ये नाही. त्यावर कडी म्हणजे कित्येक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक त्रिकोण वेगळा फेस (पृष्ठभाग) म्हणून येतो. एका बेअरिंगच्या भोकावर भार द्यायचा तर शेकडो फेस एकेक करून निवडत बसा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ओपनफोम या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये मेश बनवणाऱ्या स्नॅपीहेक्समेशला पृष्ठभाग सहसा एसटीएलमध्येच देतात आणि गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहासाठी ते नीट चालतं. सीटी स्कॅनमधून आलेला हाडाचा आकारही बहुधा एसटीएलमध्येच मिळतो. पण तिथेही इनलेट, आउटलेट आणि भिंती वेगवेगळ्या नावांनी द्याव्या लागतात, सरफेसचेक ही तपासणी चालवून उघड्या कडा शोधाव्या लागतात, आणि धारदार कडा आधी वेगळ्या काढून दिल्या नाहीत तर मेशमध्ये त्या बोथट होतात. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही.

आता युनिट. वर सांगितलेल्या 50 बाइटमध्ये युनिटला जागाच नाही. 100 हा आकडा मिमी, इंच की मीटर हे एसटीएल सांगू शकत नाही. ओपनफोम तो मीटर धरतं, म्हणून मिमीतलं मॉडेल आधी 0.001 ने स्केल करावं लागतं. स्टेपमध्ये युनिट लिहिलेलं असतं, फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर मिली आणि मीटर हे शब्द सापडतात. पण ॲबॅकस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरला युनिट हा प्रकारच माहीत नाही. भूमिती मिमीत आली तर स्टीलचा मॉड्युलस (ताठपणा) 210000 एमपीए आणि घनता 7.85 गुणिले 10 चा उणे 9 वा घात, म्हणजे टन प्रति घन मिमी, अशीच भरायची. तिथे 7850 भरलं तर नॅचरल फ्रिक्वेन्सी (वस्तूच्या स्वतःच्या कंपनाची वारंवारता) दहा लाखपट कमी येते. इम्पोर्ट झाल्याबरोबर वजन तपासा. 100 × 50 × 10 मिमीची स्टीलची पट्टी 392.5 ग्रॅम भरते. तीच इंचात वाचली गेली तर साडेसहा टनांच्या घरात जाते. तपासायला एक मिनिट लागतं.

रिपेअरचं बटण उपयोगी आहे, पण टॉलरन्स वाढवण्याला मर्यादा हवी. 0.5 मिमी टॉलरन्सने पृष्ठभाग शिवले तर 0.4 मिमीची खाच बुजते आणि सॉफ्टवेअर हू की चू करत नाही. 0.001 मिमीपासून सुरू करा, एकेक पायरी चढा, मॉडेलमधल्या सगळ्यात लहान आकाराच्या दहाव्या भागापर्यंत आलात की थांबा. उरलेल्या फटी हाताने भरा. आयजेसमध्ये हा त्रास जास्त होतो, कारण त्यात बहुतेक वेळा सुटे पृष्ठभाग येतात. त्याची 5.3 ही शेवटची आवृत्ती 1996 मधली आहे, स्टेप मिळत असेल तर तिला हात लावू नका.

‘काहीही काढू नका’ हे तर उलटंच आहे. एम10 बोल्टचे 1.5 मिमी पिचचे आटे, 0.2 मिमी खोलीचा कोरलेला लोगो, बाहेरच्या कडांचे चॅम्फर (तिरपे काप), सगळं काढा. क्रॅशच्या एक्स्प्लिसिट गणितात, म्हणजे वेळेचे छोटे टप्पे घेत जाणाऱ्या गणितात, टाइम स्टेप सगळ्यात लहान एलिमेंट ठरवतो: स्टीलमध्ये 1 मिमीला साधारण 0.2 मायक्रोसेकंद, 0.05 मिमीला 0.01. एका लोगोपायी रन वीसपट लांबतो. पण शाफ्टच्या पायरीवरचं आतलं फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) काढायचं नाही. ते काढलं की मटेरियलचा कोन 270 अंशांचा होतो आणि वर भोकात झालं तेच इथे होतं, आणखी जोरात.

आणि तुमच्याकडे फक्त एसटीएल आली असेल तर ज्याने मॉडेल बनवलं त्याला आजच फोन करा. मूळ फाइलमधून स्टेप एपी242 (स्टेपचाच एक प्रकार) किंवा पॅरासॉलिड काढून मागा, आणि पार्टचं वजन किती ते त्याच फोनवर विचारून घ्या.