शेवाळ नव्हे, फुलझाड!
लेख आवडला, पण एक दुरुस्ती. कोलंबियातल्या कान्यो क्रिस्तालेस नदीचा लाल रंग 'शेवाळामुळे' येतो असं तुम्ही लिहिलंय. ते शेवाळ नाही हो! मकारेनिया क्लाविगेरा ही चक्क फुलं येणारी वनस्पती आहे. वाहत्या पाण्यात खडकाला घट्ट चिकटून वाढते. भरपूर ऊन मिळालं की लालभडक, सावलीत मात्र तीच हिरवी. नदीत दिसणारा पिवळा रंग वाळूचा, काळा खडकाचा. साधारण जून ते नोव्हेंबर एवढाच हा खेळ. पाणी फार चढलं तर ऊन तळापर्यंत पोचत नाही, फार उतरलं तर झाड सुकतं.

याच कुळातल्या वनस्पती आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांच्या कातळावरही असतात. आपण शेवाळ समजून त्यांवरून घसरतो, एवढंच!

आणि लेखातल्या फोटोत या नदीच्या खडकात दिसणारे ते गोल खड्डे? थेट आपल्या नगर जिल्ह्यातल्या निघोजच्या रांजणखळग्यांसारखे! गोटे भोवऱ्यात फिरून फिरून खडक कोरतात, करामत तीच.

कुणी कान्यो क्रिस्तालेसला जाणार असाल तर अंगाला सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावून तिथल्या पाण्यात उतरू देत नाहीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट न्या.