पाटकरी घरी पाठवला म्हणून पाणी वाढत नाही

हा मेसेज मला आधी अमळनेरच्या दोन ग्रुपांवर दिसला, मग चोपड्याच्या एका मास्तरांनी पाठवला आणि परवा थेट सख्ख्या भाच्याकडून आला. खाली त्याचा प्रश्न होता: "मामा, हे खरं का?" मेसेज असा:

"राउटरमधलं हार्डवेअर ऑफलोड लगेच चालू करा, मायक्रोटिकवाल्यांनी फास्टट्रॅक चालू करा. नेट दुप्पट होतं. कंपन्या हे मुद्दाम बंद ठेवतात, म्हणजे तुम्ही महागडा राउटर घ्याल. गेमचा लॅग जातो, वायफाय सुसाट पळतं, उन्हाळ्यात डबा तापत नाही. काहीही बिघडत नाही. खात्री करायची तर राउटरवरच स्पीडटेस्ट चालवा. सगळ्यांना पाठवा."

भाच्याला दोन ओळींत उत्तर देणार होतो. ते जमलं नाही.

आधी हे ऑफलोड म्हणजे काय ते बघू. (मायक्रोटिक ही राउटर बनवणारी कंपनी, फास्टट्रॅक ही तिच्या राउटरातली याच जातीची सोय; तिच्याकडे पुढे येतो.) घरातल्या फोनकडून निघालेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, राउटरच्या प्रोसेसरसमोर उभं राहतं. हे कुठल्या कनेक्शनचं, फायरवॉल याला जाऊ देतं का, घरातला पत्ता बदलून बाहेरचा कोणता लावायचा, पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी लाइन) असेल तर वरून ८ बाइटचं वेष्टण चढवायचं, मग बाहेर. पुढच्या पॅकेटला पुन्हा तेच. ऑफलोडमध्ये कनेक्शनची सुरुवातीची पॅकेटं अशीच तपासून जातात. दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं की त्या कनेक्शनची नोंद एका तक्त्यात होते आणि पुढची पॅकेटं त्या तक्त्यावरूनच परस्पर निघून जातात. तक्ता प्रोसेसरनेच वाचला तर ते सॉफ्टवेअर ऑफलोड. चिपमधल्या वेगळ्या इंजिनाने वाचला तर हार्डवेअर ऑफलोड, आणि मग प्रोसेसरला पॅकेट दिसतही नाही.

माझं आजोळ साक्री तालुक्यातलं. पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाळीने वाटायची रीत, ज्यांनी पाहिली त्यांना हे एका वाक्यात कळेल. पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस, प्रत्येक चारीवर उभा राहून किती पाणी सोडायचं ते बघतो, किंवा एकदा दार उघडून झाडाखाली जाऊन बसतो. पाणी दोन्ही वेळा तेवढंच, कारण ते बंधाऱ्यातून येतं.

"नेट दुप्पट होतं." हिशोब मांडू. एमटी ७६२१ ही चिप आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त राउटरांत आहे, मायक्रोटिकच्या छोट्या हेक्सच्या जुन्या मॉडेलमध्येही तीच. दोन कोअर, ८८० मेगाहर्ट्झ, म्हणजे एका कोअरला सेकंदाला ८८ कोटी चक्रं. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण आकाराच्या पॅकेटांनी गच्च भरली तरी सेकंदाला ८,१२७ पॅकेटं होतात. दर पॅकेटला एक लाखाहून जास्त चक्रं वाट्याला आली. पॅकेट तपासायला, पत्ता बदलायला काही हजार पुरतात. प्रोसेसर बसूनच आहे, त्याला आणखी बसवून काय मिळणार? १०० च्या प्लॅनवर १०० च येणार.

गिगाबिट लाइनवर चित्र पालटतं. तिथे सेकंदाला ८१,२७४ पॅकेटं, म्हणजे दर पॅकेटला जेमतेम १०,८०० चक्रं, शिवाय उलट दिशेची पॅकेटं वेगळी. इथे ही चिप एकट्या प्रोसेसरवर काही शे एमबीपीएसलाच धापा टाकते आणि हार्डवेअर ऑफलोड लावलं की ९४० च्या आसपास जाते. त्याच्यावर जाणं शक्यच नाही: १,५०० बाइटच्या पॅकेटातून वेष्टणं वजा केली की गिगाबिट तारेवर प्रत्यक्ष डाउनलोडच्या (टीसीपीच्या) वाट्याला ९४१ एमबीपीएस उरतात, पीपीपीओईवर आणखी चारपाच कमी. ज्यांच्याकडे ५०० च्या वरची लाइन आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा खरा. पण हा मेसेज ज्या ग्रुपांवर फिरतोय तिथे ४०, ५०, १०० चे प्लॅन आहेत.

मग "आमच्याकडे खरंच दुप्पट झालं" म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. मलाही आधी कोडं पडलं होतं. उत्तर पारोळ्याकडच्या एका खेड्यात मिळालं.

तिथे आप्पा नावाने सगळे ओळखतात असा एक छोटा केबल-इंटरनेटवाला आहे. एक लाइन घेऊन गावभर वाटतो, मायक्रोटिकवर प्रत्येक गिऱ्हाईकाच्या नावाने वेगाची मर्यादा लावलेली. मेसेज वाचून त्याने फास्टट्रॅक चालू केलं. दुपारभर फोनवर कौतुक: "आप्पा, नेट सुसाट व्हई गय ना!" संध्याकाळी सात वाजता गाव घरी आलं आणि सगळं ठप्प. त्याने मला बोलावलं तेव्हा तो लाइनवाल्याला शिव्या घालत होता.

लाइन ठीक होती. फास्टट्रॅक हे या छोट्या डब्यांवर हार्डवेअर नाहीच. राउटरओएस या मायक्रोटिकच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये २०१५ साली ६.२९ या आवृत्तीत आलेली ती सॉफ्टवेअरमधली आडवाट आहे. त्या वाटेने गेलेलं पॅकेट फायरवॉलचे पुढचे नियम चुकवतं आणि सिंपल क्यूही, म्हणजे प्रत्येकाचा वेग बांधणारी रांगही, चुकवतं. गिऱ्हाईकांच्या मर्यादा नेमक्या सिंपल क्यूमध्येच होत्या. म्हणजे ५० च्या प्लॅनवाल्याला दुपारी १०० मिळाले ते शेजाऱ्याच्या वाट्याचे. शेजारी कामावर होता तोवर कुणाला कळलं नाही. माझा अंदाज आहे की या मेसेजमधल्या "दुप्पट"चा जन्म अशाच एखाद्या दुपारी झाला असावा.

"कंपन्या मुद्दाम बंद ठेवतात." हे तर उलटं आहे. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) हार्डवेअर नॅट, म्हणजे पत्ता बदलायचं काम चिपवर सोपवणं, बहुधा आधीपासूनच चालू असतं, कधी 'नॅट बूस्ट' अशा नावाखाली. तुम्ही क्यूओएस (कुणाची पॅकेटं आधी सोडायची ते ठरवणारी सोय) चालू केलं की तेच गुपचूप बंद होतं, कारण दोन्ही एकत्र नांदत नाहीत. बंद मिळतं ते ओपनडब्ल्यूआरटी या मोफत फर्मवेअरमध्ये, आणि ते कंपनी नव्हे, स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे. तिथे पर्यायाखालीच लिहिलंय की हे प्रायोगिक आहे आणि क्यूओएसशी पूर्ण जुळत नाही. लपवाछपवी कसली? सगळी वाटचालही उघड्यावर झाली: अशा फर्मवेअरच्या मुळाशी असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये फ्लोटेबल (वर सांगितलेला तक्ता) आलं २०१८ साली ४.१६ मध्ये, आणि एमटी ७६२१ बनवणाऱ्या मीडियाटेकच्या या इंजिनाला ते वापरता येऊ लागलं २०२१ साली ५.१३ मध्ये.

"गेमचा लॅग जातो." मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. यावर जरा थांबतो, कारण पोरं याच्याच भरवशावर बटण दाबतात.

राउटरचा प्रोसेसर एका पॅकेटमागे दहा हजार चक्रं खातो असं धरलं तरी तो वेळ झाला एका मिलिसेकंदाच्या शंभराव्या भागाइतका. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच चार मिलिसेकंद लागतात, मधली यंत्रं वेगळीच. ऑफलोडने वाचणारा वेळ या हिशोबात शेंगदाण्याच्या पोत्यातला एक दाणा.

लॅग येतो रांगेमुळे. समजा तुमचं अपलोड २० एमबीपीएस आहे. बहिणीच्या फोनवरून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढतायत. फोन घरातल्या घरात वेगाने पाठवतो, लाइन हळू नेते, मधल्या यंत्रातला बफर (पॅकेटं थांबायची जागा) भरत जातो. त्यात एक मेगाबाइट साचलं की ते रिकामं व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट त्या ढिगाच्या मागे उभं. तुम्ही गोळी मारली, समोरच्याने तोवर तुम्हाला मारून शेकहँड केला. याला बफरब्लोट म्हणतात.

यावर इलाज आहे आणि तो सॉफ्टवेअरमधलाच आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली कोडेल मांडलं: रांग किती लांब आहे ते मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघा, आणि थांबणं ठरावीक मर्यादेच्या वरच टिकून राहतंय असं दिसलं की एखादं पॅकेट टाकून द्या, पाठवणारा आपोआप हात आवरतो. त्यातून एफक्यू-कोडेल निघालं, जे प्रत्येक कनेक्शनची वेगळी रांग करतं. मग त्याचाच पुढचा अवतार केक आलं, २०१८ पासून लिनक्स ४.१९ मध्ये. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाने हेच लावतात. लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी वेग तिथे भरायचा, म्हणजे रांग लाइनवाल्याच्या यंत्रात न लागता आपल्या डब्यात लागते, आणि आपल्या डब्यात पाळी लावता येते. फोटो चढत राहतात, गेमही चालतो.

पण पाळी लावायची तर पाटकरी पाटावर हवा. हार्डवेअर ऑफलोडमध्ये पॅकेट इंजिनातून परस्पर निघून जातं, केकपर्यंत पोचतच नाही. पडद्यावर एसक्यूएम चालू दिसतं आणि रांग पुन्हा लाइनवाल्याकडे लागते. लॅग घालवायला दाबलेल्या बटणाने लॅगवरचा एकमेव इलाज काढून टाकला. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: केक प्रोसेसरला महागात पडतं आणि एमटी ७६२१ वर दोनशे एमबीपीएसच्या आसपास दम संपतो. ५० किंवा १०० च्या घरात एसक्यूएम ठेवा, ऑफलोड बंद. गिगाबिटच्या घरात लाइन क्वचितच भरते, तिथे ऑफलोड ठेवा. २०० ते ५०० च्या मधे ज्यांची लाइन आहे त्यांची पंचाईत आहे. त्यांनी ताकदवान डबा घ्यावा किंवा दोघांपैकी एकावर पाणी सोडावं.

"वायफाय सुसाट पळतं." एमटी ७६२१ मधलं इंजिन तारेकडून तारेकडे पॅकेट ढकलतं. वायफायची चिप वेगळी असते, तिच्यापर्यंत पॅकेट न्यायला प्रोसेसरच लागतो. वायफायलाही प्रोसेसर टाळून जोडणारी सोय एमटी ७६२२ आणि त्यानंतरच्या फिलॉजिक चिपांत आहे, आणि लिनक्समध्ये ती २०२२ साली ५.१९ पासून आली. जुन्या डब्यावर बटण दाबून ती उगवत नाही. आणि दोन मातीच्या भिंतींपलीकडच्या खोलीत रेंजच नसेल तर कुठलीच चिप कामाची नाही.

"उन्हाळ्यात डबा तापत नाही." अर्धं खरं. प्रोसेसरचं काम कमी झालं की थोडी उष्णता कमी होते. पण घरगुती राउटरांवर चालवायचं तापमान सहसा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतच ४५ च्या वर जातं. पत्र्याखाली माळ्यावर ठेवलेला डबा ऑफलोडने वाचणार नाही. तो खाली आणा, भिंतीला मोकळा टांगा.

"काहीही बिघडत नाही." सुरक्षेपुरतं मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. काहीजण घाबरवतात की ऑफलोडने फायरवॉल उघडी पडते. तसं नाही. नवं कनेक्शन आधी नियमांतूनच जातं, नाकारलेलं नाकारलेलंच राहतं. बिघडतो तो हिशोब. हार्डवेअरमधून गेलेली पॅकेटं टीसीपीडंपला (पॅकेटं टिपून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) दिसत नाहीत. कुठल्या फोनने किती जीबी खाल्ले ते मोजणारी साधनं कमी आकडा दाखवू शकतात. पॅकेटांवर अग्रक्रमाचा शिक्का मारणारे नियम लावले असतील तर तेही चुकतात. ज्याला यातलं काहीच लागत नाही त्याचं खरोखर काही बिघडत नाही.

"राउटरवरच स्पीडटेस्ट चालवा." ही चाचणी दुसरंच काही मोजते. टेस्ट राउटरवर चालवली की पॅकेटं राउटरपाशीच संपतात, पुढे जात नाहीत. ऑफलोड हे पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठी आहे, त्यामुळे त्याचा इथे संबंधच येत नाही. उलट टेस्टचा प्रोग्राम त्याच प्रोसेसरचा वेळ खातो आणि आकडा पडतो. मग लोक चांगल्या डब्याला नावं ठेवतात. नीट मोजायचं तर एक लॅपटॉप लॅनच्या (घराकडच्या) तारेवर, दुसरा वॅनच्या (लाइनकडच्या) बाजूला, दोघांवर आयपर्फ हा वेग मोजणारा प्रोग्राम, आणि राउटरवर फक्त प्रोसेसरचा भार बघत बसायचं. सॉफ्टआयआरक्यूचा (पॅकेटं हाताळण्यात जाणाऱ्या प्रोसेसरच्या वेळेचा) रकाना शंभरला भिडत असेल तर ऑफलोडचा उपयोग होईल. दहा-वीसवर रेंगाळत असेल तर होणार नाही. ऑफलोड खरंच लागलंय का तेही दिसतं: कनेक्शनच्या यादीत त्या ओळीला ऑफलोडचा शिक्का असतो, हार्डवेअरचा वेगळा.

भाच्याच्या घरी ६० चा प्लॅन आहे. त्याला ऑफलोड बंद ठेवून एसक्यूएम लावून दिलं, अपलोड-डाउनलोड दोन्हीकडे ५५ भरले. स्पीडटेस्टमध्ये पाच कमी दिसतात म्हणून तो दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी बहिणीचे फोटो चढत असताना गेम खेळला आणि फोन केला नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

आप्पाकडे त्याच रात्री फास्टट्रॅकचा नियम काढला आणि जुनी कनेक्शनं तोडून टाकली, म्हणजे ती आडवाटेवर राहू नयेत. साडेनऊपर्यंत गाव पूर्वपदावर आलं. सकाळी आठ वाजता आप्पाला पहिला फोन आला तो त्याच दुपारच्या कौतुकवाल्या गिऱ्हाईकाचा: "आप्पा, काल नेट भारी व्हतं. आज काय करी टाकं?"