"चौकोन आणि वर्तुळांतच सत्र संपलं": या अभिप्रायाला आमच्या फोटोग्राफी क्लासचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंय, वर दोन फोटोही जोडलेत, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटत नाही. तुमची तक्रार थोडक्यात अशी: आमचं एक अख्खं सत्र फोकस पॉइंट (फोकस कुठे बसवायचा ते दाखवणारे चौकोन) आणि मीटरिंग (कॅमेऱ्याची उजेड मोजण्याची पद्धत) यांवरच गेलं, हल्लीचा कॅमेरा हे सगळं स्वतःच ठरवतो, आणि आम्ही शिकवलं तसं सिंगल पॉइंट (आपण निवडलेला एकच चौकोन) व स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या वर्तुळातला उजेड मोजणं) लावूनही खिडकीजवळच्या मुलीचा चेहरा काळा आला. दुसऱ्या फोटोत तुम्ही मधल्या पॉइंटने फोकस करून फ्रेम सरकवली, तर डोळे मऊ आणि कानशिलावरचे केस मात्र स्पष्ट. "ऑटोवर ठेवला असता तर बरं झालं असतं," हे तुमचं शेवटचं वाक्य.

दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. पहिल्यात चेहरा काळा आहे खरा, पण पापण्या एकेक मोजता येतात. म्हणजे पॉइंट तुम्ही बरोबर डोळ्यावर नेला होता आणि फोकस तिथेच बसला. बिघडलंय ते उजेडाचं मोजमाप. मुलगी डावीकडे उभी आहे, फ्रेमच्या मध्यावर खिडकीबाहेरचं आकाश आहे, आणि ते आकाश अगदी मध्यम निळं उतरलंय. कॅमेऱ्याने आकाश मोजलं, चेहरा मोजलाच नाही.

फोकस पॉइंट जिथे असेल तिथलाच उजेड स्पॉट मीटर मोजतो, असं बरेच जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात ते बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर, अवलंबून असतं. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांत) स्पॉटचं वर्तुळ निवडलेल्या पॉइंटबरोबर सरकतं. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीत त्याचा व्यास साधारण ४ मिमी, म्हणजे फ्रेमचा जेमतेम १.५ टक्के भाग. ऑटो एरिया लावला, म्हणजे पॉइंट निवडणं कॅमेऱ्यावर सोडलं, की मात्र तेही मध्यावर जातं. कॅननच्या बऱ्याच बॉडींमध्ये पॉइंट कुठेही न्या, स्पॉट मध्यावरच राहतो. तुमचा पहिला फोटो पाहता तुमची बॉडी या दुसऱ्या प्रकारची असावी. जो भाग तुम्हाला लांबला असं वाटलं, तो नेमका हाच होता.

खात्री घरीच करता येईल. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) आणि स्पॉटवर ठेवा, ट्रायपॉडवर किंवा टेबलावर स्थिर करा. फ्रेमच्या कडेला चालू दिवा येऊ द्या, बाकी साधी भिंत. कॅमेरा न हलवता फक्त पॉइंट भिंतीवरून दिव्यावर न्या आणि शटर स्पीडचा आकडा बघा. तो झपकन बदलला, तर स्पॉट पॉइंटबरोबर चालतो. ढिम्म राहिला, तर मध्याला चिकटलेला आहे. तसा असेल तर आधी फ्रेमचा मध्य चेहऱ्यावर आणा, मोजलेला उजेड धरून ठेवणारं एक्स्पोजर लॉकचं बटण दाबा (कॅननवर चांदणीची खूण असलेलं), मग फ्रेम लावा, पॉइंट डोळ्यावर नेऊन फोकस करा आणि फोटो घ्या.

तरीही चेहरा हवा तसा उजळेलच असं नाही. मीटरला चेहरा, भिंत, शाळेचा पांढरा गणवेश यांतला फरक कळत नाही. समोरून परत आलेला उजेड तो मोजतो आणि जे मोजलं ते मध्यम करड्या छटेवर आणून ठेवतो. १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड मिळतं ते याच छटेचं. म्हणून स्पॉटने उजळ कांती मोजली तर ती मळकट येते आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) साधारण +१ कडे न्यावं लागतं. सावळ्या चेहऱ्याला बऱ्याचदा शून्यावरच जमतं. स्पॉट लावला म्हणजे ही जबाबदारी आपण कॅमेऱ्याकडून स्वतःकडे घेतली.

आता ऑटोबद्दल. मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंगला, म्हणजे अख्ख्या फ्रेमचा उजेड भागाभागाने मोजण्याला, मी कधीच नावं ठेवत नाही. १९८३ साली निकॉनच्या एफए कॅमेऱ्यात फ्रेमचे पाच भाग करून मोजण्याची सोय आली. आजचे कॅमेरे शेकड्याने भाग मोजतात आणि त्यातले बरेचसे निवडलेल्या फोकस पॉइंटला जास्त वजन देतात. त्यामुळे खिडकीच्या फोटोत पॉइंट चेहऱ्यावर आणि मीटरिंग मॅट्रिक्सवर ठेवलं असतं, तर मध्याला चिकटलेल्या स्पॉटपेक्षा चेहरा बहुधा उजळ आला असता. इतपत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. रोजच्या फोटोंना मी स्वतः मॅट्रिक्सच वापरतो. स्पॉट वापरायचा तो अंधाऱ्या रंगमंचावर एकाच माणसावर झोत असेल तेव्हा, किंवा मागे एवढा उजेड असेल की मॅट्रिक्सही गोंधळेल.

पण फोकसचं ऑटो ही वेगळी गोष्ट. सगळे पॉइंट खुले सोडले की साधा ऑटो एरिया बहुतेक वेळा जवळची, ठळक कडांची वस्तू पकडतो. मुलीच्या पुढे फांदी किंवा गज असेल, तर फोकस त्यावर. तुमच्याकडे डोळा ओळखणारा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर माणसांसाठी ती सोय बिनधास्त वापरा, मीही वापरतो. ती नसेल तर पॉइंट आपणच निवडायचा.

दुसऱ्या फोटोचं कारण तुमच्याच वर्णनात आहे. मधला पॉइंट अचूक, हा सल्ला निराधार नाही. डीएसएलआरमध्ये मधले पॉइंट सहसा क्रॉस टाइप असतात, आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडतात, आणि कडेच्या अनेकांना एकाच दिशेच्या रेषा दिसतात. कमी उजेडात मधलाच कामाला येतो. पण तुम्ही ५० मिमी लेन्स एफ १.८ वर (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि स्पष्ट पट्टा अरुंद) ठेवून जवळून फोटो घेतलाय. अंतर एक मीटर आणि बॉडी फुल फ्रेम धरली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सगळा मिळून सुमारे ४ सेंमी, म्हणजे डोळ्याच्या मागे-पुढे दोन-दोन. फोकस लॉक करून कॅमेरा १५ अंश फिरवला की चेहरा फ्रेमच्या कडेजवळ जातो आणि या पट्ट्याचा मध्य डोळ्याच्या जवळजवळ साडेतीन सेंमी मागे पडतो. तिथे कानशिलावरचे केस असतात. तुमच्या फोटोत तेच स्पष्ट आहेत. एफ ५.६ वर किंवा तीन-चार मीटरवरून हे लक्षातही आलं नसतं. इतक्या जवळून मात्र फ्रेम आधी लावा आणि डोळ्याला सर्वांत जवळचा पॉइंट निवडा.

या सत्राची वेळ मी कमी करणार नाही. फोटो धूसर किंवा काळा आला की लोक लेन्सला दोष देतात, नवी घ्यायला निघतात, आणि कारण बहुतेक वेळा या दोन सेटिंगांतच असतं.

तुमच्या दोन्ही फोटोंच्या मूळ फाइली आम्हाला पाठवा. त्यात पॉइंट कुठे होता आणि मीटरिंग कोणतं होतं, हे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. माझा अंदाज चुकला असेल तर तेही तिथेच कळेल आणि मी ते इथेच लिहीन. पुढच्या बॅचच्या या सत्राला तुम्ही फी न भरता बसा. येताना तीच बॉडी आणि तीच ५० मिमी आणा. खिडकीपाशी बसून तोच फोटो पुन्हा घेऊ.

आपला,
क्लासचा संचालक