वाघ्याचा कोपर

कोल्हापुरातून जर्मनीला माणूस पाठवायचा तर पासपोर्ट, व्हिसा आणि चटणीचा डबा लागतो. कुत्रा पाठवायचा तर त्याचा कोपर मोजावा लागतो.

आमचा वाघ्या कारवानी जातीचा. म्हणजे पाय आणि नाक, मधे नावाला पोट. लेकीला तो तिकडं हवा होता. आधी मानेत मायक्रोचिप, तिचा नंबर 15 आकडी. (माझं आधार 12 आकडीच आहे.) मग रेबीजची लस, निदान 30 दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त काढल्यापासून आणखी तीन महिने वाट. लेकीचं लग्न याहून लवकर जमलं होतं.

पण खरा घोळ पेटीचा. कुत्र्याला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, गर्रकन वळता आलं पाहिजे, ऐसपैस पसरता आलं पाहिजे. माणसाच्या सीटला यातलं काहीही लागू नाही. लांबी किती? नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. मी टेप लावला की वाघ्या टेपचं टोक चाटणार, शेपूट हलवणार, आणि बायको विचारणार, "बूड नेमकं कुठलं धरलंय?"

संस्थानच्या काळात इथं शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले होते. त्यांचे कोपर कोणी मोजले असतील?

मापं घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्रीनं कागद वाचला, 110 बाय 50 बाय 80 सेंटीमीटर.

"सायेब, कुत्रं हाय का रेडकू?"

त्याला लोखंडी चॅनेल वेल्ड करायचे होते. "इमान पडलं तरी पेटीला कायबी हुणार न्हाई!" ही गॅरंटी मी घरी सांगितली नाही. शेवटी प्लायवूड आणि जाळीच्या दारावर तडजोड झाली.

एवढी पेटी आमच्या उजळाईवाडी विमानतळावरच्या बारक्या विमानात जाईना, म्हणून मुंबईपर्यंत भाड्याची गाडी केली. मुंबईत भाड्याचा हिशेब पेटीच्या आकारावर निघाला: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 6000. झाले 73 किलो. वाघ्या 26 किलोचा, पेटी धरूनही पन्नाशीच्या आत. उरलेलं भाडं मी हवेचं भरलं.

आप्पांनी झोपेची गोळी सुचवली होती. डॉक्टर भडकले, गुंगीत श्वास आणि रक्तदाब बिघडतो म्हणे. वाघ्या मात्र पेटीत स्वतःहून शिरला आणि जांभई देऊन पसरला. रडारड आमच्याकडूनच झाली.

पोचला सुखरूप. फक्त तिकडचं कोरडं खाणं हुंगतो आणि तोंड फिरवतो. आता बायको निघालीय. तिनं त्याच्यासाठी अळणी मटण बांधायला घेतलं, तेवढ्यात लेकीचा फोन: बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशांना युरोपात मांस आणायला बंदी आहे.

"अगं," बायको म्हणाली, "आख्खा कुत्रा घेतला की त्यांनी!"